चार वाजताची नोंद

उजव्या हाताच्या मधल्या बोटावर दोन घट्टे. एक नखाशेजारी, अंगठ्याच्या बाजूला — तो पेन्सिलीचा, एकतीस वर्षं कोर्टात बसून दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतल्याचा. निवृत्तीनंतरही तो गेला नाही आणि त्याने जावं असं तिला कधी वाटलंही नाही. दुसरा त्याच बोटाच्या मधल्या सांध्यावर, मूठ वळली की पुढे येतं त्या हाडावर, वाटाण्याच्या डाळीएवढा, पिवळट. हा कुठून आला? स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उभं राहून ती त्याला मलम चोळत होती आणि चोळता चोळता आठवत होती — किसणी? नाही, किसणीने वर लागत नाही. ओट्याखालचा कप्पा? तोही डाव्या हाताने उघडायची सवय. वय झालं की शरीर वाटेल तिथे वाटेल ते उगवतं, डॉक्टरांना विचारावं तर ते हसतील... पण चोळलं की किंचित दुखत होतं, आणि ताजं दुखत होतं, आजकालचं.

मलमाचं झाकण लावून तिने हात पुसले आणि टेबलावरची नोंदवही जवळ ओढली. संध्याकाळी साडेचार वाजता तळमजल्यावर इमारतीची सभा होती, आणि सभेपुढे विषय एकच होता — तिच्या भिंतीपलीकडचा फ्लॅट. टेलरताई गेल्या, फ्लॅट भाच्याकडे आला, आणि भाच्याने दाराला आकड्यांची पेटी लावली. पेटीत किल्ली. ज्याला आकडा कळवला तो येणार, दोन रात्री राहणार, जाणार, की दुसरा. गेले अकरा महिने जिन्यावर बॅगांच्या चाकांची खडखड, चुकीच्या मजल्यावर वाजणाऱ्या घंट्या, लिफ्टमध्ये रोज नवी तोंडं. खालच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून दिवसा झोपायची, तिच्या झोपेचं पार खोबरं झालं होतं. भाचा म्हणायचा, घर माझं, मी कुणालाही ठेवीन. बाकीचे म्हणायचे, घर तुझं, पण जिना आमचा. दोन्ही बाजू आपापल्या जागी इतक्या बरोबर होत्या की भांडण मिटण्याची सोयच नव्हती.

मग सगळ्यांना स्टेनोबाई आठवल्या. इमारतीत तिला याच नावाने ओळखत. पहिल्या आठवड्यापासून ती रोज टिपत होती — तारीख, वेळ, काय ऐकलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. टिपल्याशिवाय तिला दिवस झाला असं वाटत नसे. सेक्रेटरी तर हरखून गेले होते. "बाई, तुमची वही म्हणजे आपला हुकमी एक्का. तुम्ही वाचा, बाकी आम्ही गप्प बसतो." वही सगळी लघुलिपीत. त्या वाकड्यातिकड्या रेघा इमारतीत तिच्याखेरीज कुणाला वाचता येत नव्हत्या. ती जे वाचेल ते खरं.

आणि ती खरंच वाचणार. एकतीस वर्षांत तिच्या नोंदीतला एक शब्द कुणी खोडू शकलं नव्हतं.

एक गोष्ट सोडून... तिने पानं उलटली. चार वाजता. चार वाजता. जवळजवळ प्रत्येक पानावर त्याच चिन्हांची तीच ओळ — *चार वाजता. भिंतीवर दोन ठोके. थांबून पुन्हा दोन ठोके.* पाहुणे बदलत, भाषा बदलत, कधी बाई, कधी जोडपं, कधी चौघे मित्र. पण चार वाजले की भिंतीवर दोन, आणि थांबून दोन. सेक्रेटरींनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली होती. "हा निव्वळ छळ आहे. भाचा त्यांना शिकवून ठेवतो, दुसरं काय! तुम्ही कंटाळून घर सोडावं म्हणून." तिने मान हलवली होती. पण त्यांना वाचून दाखवताना तिने काही ओळी गाळल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा. पलीकडे कुणी उतरलेलं नसे त्या दिवसांच्या ओळी. पेटीचे आकडे बदललेले नाहीत, दिवा नाही, बॅग नाही, पाणी वाहिल्याचा आवाज नाही... आणि चार वाजता दोन ठोके. त्या दिवशी दोनच, कधी तेच दोन पुन्हा पुन्हा. थांबून येणारे दुसरे दोन मात्र नसत.

रिकाम्या घरातून.

हे सभेत कसं वाचणार? म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील. भाऊ तर रविवारच्या फोनवर म्हणालाच होता, "अगं, हे तू मागच्या रविवारीही सांगितलंस." नुसतं म्हणाला, हसून, पण ती सबंध आठवडा ते बोलणं तोंडात खडा आल्यासारखी चघळत बसली होती. आणि दुसरी गोष्ट, जी भावालाही सांगायची नव्हती — ते रिकाम्या घरातले ठोके ऐकून तिला भीती वाटायची हे खरं, पण भीतीच्या पोटात एक आनंद असायचा. दोन ठोके कुणाचे ते तिला ठाऊक होतं. सव्वीस वर्षं ठाऊक होतं.

दोन म्हणजे चहा टाकलाय. पलीकडून उलट दोन म्हणजे आले. एक म्हणजे नको, हातात काम आहे. टेलरताईंच्या मशीनचा आवाज थांबला की समजायचं, चार वाजायला आले. सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्तीनंतर रोज, एक दिवस हिच्याकडे, एक दिवस तिच्याकडे. दोघी एकमेकींच्या कुणी लागत नव्हत्या, पण तोंडात पिन धरून, हिच्या खांद्यावर टेप लावत टेलरताई म्हणायच्या, "आटतेयस गं तू. दर वर्षी अर्धा इंच. अशानं एक दिवस नुसता ब्लाउज उरेल." आणि ही म्हणायची, "उरला तर तुम्ही घाला." झालं. एवढ्यावर दोघी चहा सांडेपर्यंत हसायच्या.

साडेअकरा वाजता घंटी वाजली. सेक्रेटरी दारात उभे, हातात सभेच्या कागदांची चळत.

"बाई, पाहुणे गेले. दोन वाजता नवे यायचेत. मधल्या वेळात साफसफाईची बाई येते, दार उघडं टाकते. तुम्ही जरा डोकावता का? मी गेलो तर भाचा म्हणेल घुसलो. तुमचं काय, तुम्ही शेजारीण."

"डोकावून काय बघू?"

"काही लिहिलेलं असतं आत. पाहुण्यांसाठी सूचना वगैरे. ते ठोक्यांचं कुठे लिहिलेलं सापडलं ना, तर भाचा संपला."

तिने वही उचलली, पेन्सिल कानामागे लावली. हे कोर्टातलं सोंग होतं, पण त्याने तिला धीर यायचा.

अकरा महिन्यांत तिने तो उंबरा ओलांडला नव्हता. दार सताड उघडं, आत ओल्या फरशीचा आणि कसल्याशा लिंबाच्या साबणाचा वास. मशीन नाही. कापडांचे गठ्ठे नाहीत. सगळ्या भिंती पांढऱ्याफेक, मधोमध राखाडी सोफा, त्यावर तीन उशा ओळीने अशा ठेवलेल्या की त्यांच्यावर कुणी कधी डोकं टेकलंच नसावं. घर नव्हतंच ते, घराचा फोटो होता, आणि त्या फोटोत आपण पाय ठेवलाय, आता आपले ठसे उमटणार असं तिला वाटलं. फक्त एक गोष्ट जागची हलली नव्हती. दोन्ही घरांमधल्या भिंतीला लागून टेलरताईंची ती बुटकी खुर्ची. तिचं कापड बदललं होतं. पाय तेच होते, एक पाय किंचित आखूड.

साफसफाईची बाई बादली घेऊन न्हाणीघरातून आली. पन्नाशीची असेल, मनगटावर रबरबँडं चढवलेली. हिला बघून ती दचकली नाही. उलट ओळखीचं हसली, आणि तेच जरा चमत्कारिक वाटलं, कारण दोघी यापूर्वी कधी बोलल्या नव्हत्या.

"तुम्हीच ना पलीकडच्या? या की. पाय पुसून या, फरशी ओली आहे."

दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये घातलेला कागद टांगला होता. पाहुण्यांसाठी. ती वाचू लागली आणि सवयीने हात वहीवर चालू लागला, डोळे वर, पेन्सिल खाली. कचरा कुठे. गरम पाण्याचं बटण कुठलं. जिन्यात बॅगा उचलून न्या, खाली नर्स झोपलेली असते. आणि शेवटी, वेगळ्या, हाताने लिहिलेल्या अक्षरांत —

*रोज चार वाजता शेजारच्या आजी भिंतीवर दोनदा ठोकतात. घाबरू नका. खुर्चीत बसून तुम्हीही दोनदा ठोका, म्हणजे त्यांचं समाधान होतं. नाहीतर त्या ठोकत राहतात. माझ्या मावशीची त्यांच्याशी फार मैत्री होती. हे त्यांच्याजवळ बोलू नका.*

पेन्सिल 'बोलू नका' पर्यंत गेली आणि थांबली.

"मी?" ती म्हणाली.

खूप वर्षांपूर्वी एकदा ती हेच, असंच म्हणाली होती. साक्षीला उभी असलेली एक बाई बोलता बोलता कोलमडली आणि कुणाकडे बघावं ते न कळून तिच्याकडे वळली — ताई, तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? तिने ते वाक्य टिपलं. आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, "मी?" ते तिने टिपलं नाही. त्यानंतर डोळे भरून आले तेही टिपलं नाही. टिपायचं नसतंच. कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी न्यायाधीशांनी सांगितलं होतं, बाई, तुम्ही या खोलीत नाही आहात असं समजून लिहीत जा. किती सोपं वाटलं होतं ते, किती बरं! खोलीतल्या सगळ्यांचा खोकला नोंदवायचा, आपला नाही. सगळ्यांचं गप्प बसणं नोंदवायचं, आपलं नाही. तिची नोंद एकतीस वर्षं बिनचूक होती आणि त्यात ती कुठेच नव्हती.

दोन ठोके. थांबून पुन्हा दोन ठोके.

पहिले दोन...

"रोज वाजवतात सगळे," साफसफाईची बाई खिडकीची काच पुसत सांगत होती. "त्यांना गंमत वाटते. काही जण तर त्यासाठी फिरायला गेलेले परत येतात. त्या टेबलावरच्या वहीत लिहून ठेवतात बघा, जाताना." मग आवाज खाली आणून, "मागल्या महिन्यात एक दिवस कुणीच नव्हतं ना, मी एकटीच होते आत. तुम्ही ठोकलं. माझे हात ओले, आणि मला काही तसं सांगितलेलं नाही, म्हणून मी गप्प राहिले. तुम्ही आपल्या ठोकताच आहात, ठोकताच आहात. मला मेलीला भरून आलं. पुढच्या खेपेला देईन हं मी उत्तर."

मागल्या महिन्यातली ती नोंद तिला पाठ होती. *चार वाजता. घर रिकामं. दोन ठोके. पुन्हा दोन. पुन्हा दोन. एकूण नऊ वेळा.* त्या दिवशी ती भीतीने गारठून गेली होती, अंगावर शाल घेऊन खोलीच्या मधोमध उभी होती... मधोमधच उभी होती ना? शाल आठवत होती. भिंतीचा गारवाही आठवत होता, पण तो गालाला लागलेला आठवत होता, आणि खोलीच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला भिंत कशी लागेल?

तिने वळून पाहुण्यांची वही उघडली. नाही उघडायला हवी होती. निरनिराळी अक्षरं, निरनिराळ्या शाया. *चारची वाट बघत बसलो, बरोब्बर चारला आलं.* *माझ्या बायकोला रडू आलं.* *आम्हाला भीती वाटली, खरं सांगतो. पलीकडे कुणी राहत असेल असं वाटत नाही, इतकी शांतता असते.* अकरा महिने ती भिंतीला कान लावून त्यांना टिपत होती, आणि भिंतीपलीकडे बसून ते तिला टिपत होते. शेवटच्या पानावर, आज सकाळीच गेलेल्या कुणाचं तरी बारीक अक्षर होतं — *काल आम्ही उत्तर दिलं, पण फार हळू दिलं गेलं. ऐकू गेलं असेल का माहीत नाही. नसेल गेलं तर आजींना आमचा नमस्कार.*

कालची नोंद — *दोन ठोके. मग काही नाही.*

ती घरी आली. दार लावलं. भिंतीजवळ गेली नाही. जेवण केलं, ताटली धुतली, ताटली पुन्हा धुतली. दोन वाजता जिन्यावर पावलं वाजली, बॅगांची चाकं नाही. म्हणजे उचलून आणल्या, कागद न वाचताच कुणीतरी शहाणी माणसं आली होती. पेटीचे आकडे फिरल्याची टिकटिक. एका वयस्क पुरुषाचा आवाज, एका बाईचा. मग खुर्ची सरकल्याचा.

खरं म्हणजे तिला राग यायला हवा होता. भाच्याने तिचा खेळ करून ठेवला होता, घराच्या सोयींत तिला बसवलं होतं, गरम पाण्याच्या बटणाच्या खाली. हा कागद सभेत वाचला की तो संपलाच. सेक्रेटरी म्हणाले होते तेच शब्दशः सापडलं होतं — भाचा पाहुण्यांना शिकवतो. खरं होतं ते. पण तेवढंच वाचून थांबता येत नव्हतं. पुढची ओळ वाचली की संपणारी ती होती. आणि न वाचता सोडलं तर खालची नर्स... आणि वाचलं, ठराव झाला, पेटी निघाली, घराला कुलूप लागलं — तर चार वाजता?

चार वाजता कुणी उत्तर देणार नाही. ही गोष्ट इतकी साधी होती की तिला खाली बसावं लागलं.

कारण एकदा असं झालं होतं. टेलरताई आजारी होत्या, पलंग भिंतीला लावून घेतला होता. त्या म्हणाल्या होत्या, "माझ्यामागं भाचा घर पाहुण्यांना देणार म्हणतोय. देऊ दे. रोज नवी माणसं येतील, वर्दळ राहील. मला आवडेल." आणि ही उठून आली होती. रोज नवी माणसं! सव्वीस वर्षांचं जुनं माणूस समोर बसलंय आणि बाईंना नवी माणसं हवीत. दोन दिवस ही फुरंगटून बसली. तिसऱ्या दिवशी न राहवून चार वाजता दोन ठोके दिले. उत्तर नाही. म्हणजे त्याही रुसल्यात, बसा म्हणावं. तिने एकटीने चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, बिस्किटं सुद्धा आठवतात. सकाळी भाच्याने दार उघडलं तेव्हा सगळं आदल्या दिवशीच होऊन गेलेलं होतं. केव्हा, ते कुणी सांगू शकलं नाही. तिने कुणाला विचारलंही नाही. तिच्या मनातल्या वहीत ती नोंद पक्की होती — *चार वाजता मी दोन ठोके दिले. उत्तर आलं नाही.* काळ्या दगडावरची रेघ. त्या रेघेला डोकं आपटत ती वर्षभर जगली, आणि हे आत्तापर्यंत स्वतःशीही बोलली नाही.

पण ते बारीक अक्षर. *फार हळू दिलं गेलं.*

काल पलीकडून उत्तर आलं होतं आणि तिने 'काही नाही' असं लिहिलं. ऐकू आलं नाही ते झालं नाही, असं ती धरून चालली. मग त्या दिवशीचं काय? आजारी माणसाचा हात, अंथरुणातून उचललेला... किती आवाज करणार? एक केला असेल की दोन? दोन म्हणजे आले. एक म्हणजे नको, हातात काम आहे. की तो उत्तराचा ठोका नव्हताच, हाक होती, आणि आपण बिस्किट मोडत होतो? तिला एकदम हलकं वाटलं आणि त्याच क्षणी जड. दोन्ही एकाच वेळी, आणि त्यांतलं कुठलं खरं ते ठरवता येईना. टेलरताईंनी उत्तर दिलं असेल तर त्या रुसलेल्या नव्हत्या. दिलं असेल तर मी गेले नाही.

पावणेचार. तिने खुर्ची भिंतीपासून दूर, खिडकीशी नेली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली. आज बघायचंच. वही समोर उघडी, पेन्सिल वहीवर. घड्याळाचा काटा पुढे जात होता, पलीकडे काही हालचाल नव्हती. खाली कुणीतरी सभेसाठी खुर्च्या मांडत होतं, एकात एक अडकलेल्या खुर्च्या ओढून सोडवल्याचे आवाज. हाताला मुंग्या आल्या. चार वाजले. वाजले आणि पुढे गेले. काही नाही. ती मोजत होती, श्वास मोजत होती, आणि मनात म्हणत होती, बघा, मी ठोकलं नाही तर कुणीच ठोकत नाही, म्हणजे ती मीच, म्हणजे त्या कधीच...

गालाला गार लागलं.

ती भिंतीपाशी उभी होती. खुर्ची मागे खिडकीशी होती, रिकामी. आपण केव्हा उठलो? उजवा हात वर होता, मूठ वळलेली, सांध्यावरचा घट्टा भिंतीपासून बोटभर अंतरावर; आणि त्या जागी रंगाचा पोपडा निघून रुपयाएवढा खळगा पडला होता, तिने तो याआधी कधी बघितलाच नव्हता. सांधा ठणकत होता. म्हणजे ठोकून झालं होतं, की कालचंच दुखत होतं? तिने कान आणखी दाबून धरला. पलीकडे, अगदी जवळ, आखूड पायाची खुर्ची डुगडुगली. कुणीतरी श्वास धरून बसलं होतं. या बाजूला ती, त्या बाजूला ते, मध्ये वीतभर भिंत, आणि दोघांचे कान एकमेकांना लागलेले.

दाराची घंटी वाजली. "बाई, चला," सेक्रेटरींचा आवाज आला, "सगळे जमायला लागलेत. मिळालं का काही?"

टेबलावर वही उघडी होती, आजच्या तारखेखाली *चार वाजता* एवढंच लिहिलेलं. पुढे काय लिहायचं आणि कुणाच्या नावावर, हे आता फक्त तिला ठरवायचं होतं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आपण या खोलीत आहोत असं तिला वाटलं. त्याची भीती वाटली. घंटी पुन्हा वाजली. तिने वर धरलेला हात हलवला नाही, खाली घेतला नाही. पलीकडचं माणूसही हलत नव्हतं. दोन ठोके होऊन गेले होते, किंवा व्हायचे होते; आता उत्तर कुणी द्यायचं राहिलंय, ते तिला आठवेना.